टोपणनाव

सियागंजात हिंगाचा वास
दुकानाच्या आधी उघडतो.
मी वर, पोटमाळ्यावर, डुगडुगत्या पंख्याखाली
अकराशे बारा पार्ट्यांची मालकीण.
म्हणजे नावांची. रकमा पोरवाल शेठच्या.

खालून हाक येते,
"मॅडम, महावीरवाले का नंबर, जल्दी!"
मी तीन अक्षरं मारते
आणि स्क्रीन भरून महावीरच महावीर:
महावीर ट्रेडर्स,
महावीर किराणा,
महावीर किराणा बडनगर,
महावीर किराणा बडनगर नया,
महावीर किराणा उधार मत देना.
हे शेवटचं तारेसाहेबांचं.

तारेसाहेब माझ्या आधीचे मुनीम.
एकतीस वर्षं लाल बासनातल्या वह्या,
मग चार वर्षं हा कम्प्युटर, उजव्या हाताच्या एका बोटाने.
जाताना पासवर्ड सांगितला नाही
(शेठच्या नातवाचा वाढदिवस, हम्मालांनाही ठाऊक).
एवढंच म्हणाले,
"फर्मचं नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही, बाई.
नावाखाली एक रिकामा चौकोन असतो, टोपणनावाचा.
त्यात माणूस लिहायचा."

म्हणून 'गणेश' टाकलं तर सत्तावीस गणेश,
'खाँसी' टाकलं की एकच,
श्री गणेश ट्रेडिंग कंपनी, सोनकच्छ,
आणि खरंच, फोन उचलण्याआधी तिकडून खोकला येतो.
'छाता' म्हणजे धारचे कुतुबभाई.
'बोलचाल बंद' म्हणजे सनावदचे दोघे भाऊ,
दोन नंबर, एकच गल्ला,
एकाला सांगितलेला भाव दुसऱ्यालाही वेगळा फोन करून सांगायचा.
'पोहा' कोण, ते सात वर्षांत कळलेलं नाही.
सत्तर हजार बाकी आहे पोह्याकडे.

सगळं हिंदीत. खातं हिंदीत, पावती हिंदीत,
शिव्या माळवीत.
फक्त बेरीज म्हणे ते मराठीत पुटपुटायचे.
रामेश्वर हम्माल पोती उतरवताना अजून नक्कल करायचा,
अडुसष्ट, हातचा सहा, एकोणसाठ, हातचा पाच,
आणि हसायचा.
एकदा जिन्यात उभं राहून त्याने माझं पुटपुटणं ऐकलं.
तेव्हापासून करत नाही.

काल मार्चअखेर. मीनाक्षी मसालेवाल्यांचा हिशेब जुळेना.
'मी' एवढंच टाईप झालं
आणि खालून कुणीतरी विचारलं, चहा घेणार का.
घेणार, म्हटलं. परत बघते तर
मीठालाल अँड सन्स,
मीनाक्षी मसाले,
मीरा पापड उद्योग,
आणि खाली, यादीत जागा उरली म्हणून बसल्यासारखं:
तारे दत्तात्रय. कर्मचारी उचल.
टोपणनाव: मी.

अकराशे बारा नावांत हा एकच शब्द आपला.
शेजारी येणे बाकी, रुपये चाळीस. तपशील: चाय.
दरवर्षी पुढे ओढत आलेले चाळीस.
मीच ओढलेत त्यातली सात वर्षं, न बघता.

मोबाईलच्या रकान्यात आकडे नऊ.
मी दोनदा मोजले. बोट ठेवून मोजले.
एका बोटाने लिहिणाऱ्याचं होतं असं,
किंवा दहावा त्यांनी
हातचा धरला असेल.

शेवटचाच राहिला असेल तर दहाच शक्यता.
शून्य लावून पाहिलं: हा नंबर अस्तित्वात नाही.
एक: रतलामची कुणी बाई, तिला वाटलं गॅसवाला.
दोन: वाजत राहिला.
तीन लावणार
एवढ्यात खालून, "मॅडम, गणेशवाले का नंबर!"
कौनसे गणेश, मी ओरडले.
"अरे वोही," शेठ म्हणाले, "खाँसी."
चहा आला होता. साय धरली होती त्यावर.